मागची सीट

जुलैतल्या एका शनिवारी सकाळी लिलियान आणि मार्सो या नवराबायकोने आपली जोडसायकल ब्रुझाक गावच्या बेकरीसमोर भिंतीला टेकवली. काम साधंच होतं. एक लांब पाव घ्यायचा, शेळीच्या दुधाचं चीज घ्यायचं आणि कार्डावर बेकरीचा शिक्का मारून घ्यायचा.

शिक्क्यांची ही पद्धत तिकडच्या सायकलवाल्यांची जुनी. क्लबकडून कार्ड मिळतं, वर सायकलस्वाराचं नाव असतं. ठरलेल्या गावी पोचलात की तिथल्या बेकरीचा नाहीतर कॅफेचा शिक्का घ्यायचा. तपासायला कुणी येत नाही, सगळा मामला माणसाच्या शब्दावर चालतो. म्हणूनच की काय, सत्तरीला टेकलेली माणसंसुद्धा ते कार्ड जिवापाड जपतात. मार्सोच्या कार्डावर साठातले चौपन्न चौकोन भरले होते. जोडसायकलीचं कार्ड म्हणून वर नावं दोन होती. एक मार्सोचं. दुसरं त्याच्या बायकोचं नव्हतं.

बेकरीवालीने शिक्का उचलला आणि लिलियानच्या खांद्यावरून दाराबाहेर नजर टाकली.

"ऑक्ताव कुठायत? बाहेरच उभे केलेत की काय त्यांना?"

"फेब्रुवारीत गेला तो," मार्सो म्हणाला.

"अरे देवा... इतका हसरा माणूस." बाईने छातीवर हात ठेवला. मग तिचं लक्ष लिलियानकडे गेलं. "आणि या?"

"ही माझी बायको."

"अगबाई! तुमचं लग्न झालंय?" ती सहज बोलून गेली आणि जीभ चावून पाव कागदात गुंडाळायला लागली.

लिलियान हसली. हसण्याची तिला सवय होती. बावीस वर्षं ती या एकाच गोष्टीवर हसत आली होती.

ऑक्ताव जन्मापासून आंधळा होता. टेलिफोन एक्स्चेंजमध्ये नोकरी, धिप्पाड देह, तोंडात कायम बडीशेपेची गोळी. त्या भागातल्या सायकल क्लबांत डोळस माणूस पुढे आणि आंधळा माणूस मागे अशा जोड्या लावून देतात. क्लबने मार्सोला ऑक्ताव दिला आणि मार्सो त्याचाच होऊन गेला. दर रविवारी दोघं निघायचे. पुढच्याने हँडल धरायचं, ब्रेक लावायचे आणि वाटेत जे जे दिसेल ते मागच्याला सांगायचं. तळं आलं तर तळं, गाय आली तर गाय. ही तर पुढच्याची जबाबदारीच.

आणि सांगणारा कोण, तर मार्सो! पोस्टमनची नोकरी करून निवृत्त झालेला हा माणूस घरात पाऊल टाकलं की तोंडाला कुलूप लावायचा. लग्नाला एक्केचाळीस वर्षं झाली, पण "मीठ दे" आणि "दार लाव" याच्यापलीकडे त्याची गाडी कधी फारशी गेली नाही. लिलियानने ते मान्य केलं होतं. काही माणसं घुमी असतात, त्याला कोण काय करणार.

पण एका रविवारी मार्सो विंडचीटर विसरून गेला आणि ती मोटार घेऊन त्याच्या मागे निघाली. कुंपणांमधल्या अरुंद रस्त्यावर तिने त्यांना गाठलं, काच खाली केली, हाक मारणार तोच तिला नवऱ्याचा आवाज ऐकू आला. "उजवीकडे चेस्टनटचं झाड आहे, ऑक्ताव. निम्मं वाळलंय. वाळलेल्या बाजूला कावळे बसलेत, हिरव्या बाजूला एकही नाही. एक म्हातारी खाली उभी आहे, अंगात तिच्या नवऱ्याचा कोट असावा, बाह्या गुडघ्यापर्यंत लोंबतायत..." तो बोलतच होता. थांबत होता, हसत होता, शब्द शोधत होता. लिलियानने गाडी कडेला घेतली आणि स्टिअरिंगवर डोकं टेकून रडली. विंडचीटर तिने परत आणला.

त्याहून वाईट म्हणजे, एकदा जेवायला आलेला ऑक्ताव तिला म्हणाला, "लिलियान, आज तो पिवळा फ्रॉक घातलायस ना? मार्सो सांगत होता, तो घातलास की तू पंचवीस वर्षांची दिसतेस." तिने मार्सोकडे पाहिलं, तर तो खाली मान घालून सूप पीत होता. स्वतःच्या नवऱ्याने केलेलं कौतुक तिला असं परक्याच्या तोंडून, उष्टं होऊन मिळालं. त्या रात्री तिने तो फ्रॉक कपाटाच्या तळाशी कोंबला. ती ऑक्तावचा मत्सर करत होती, तोही एका आंधळ्या माणसाचा. याची तिला लाज वाटायची, आणि लाजेने मत्सर कमी होत नाही, उलट भडकतो.

म्हणून फेब्रुवारीत चर्चमध्ये ती रडली तरी तिच्या मनाच्या एका कोपऱ्यात कुणीतरी सीट पुसून ठेवत होतं. उरलेले सहा शिक्के पुरे करायचे असं मार्सो जुलैत म्हणाला, तेव्हा तिने विचारलं, "मागे कोण बसणार?" आणि त्याने उत्तर देण्याआधीच, "मी बसते," म्हणून सांगून टाकलं.

ब्रुझाकहून निघाल्यावर तासभर मार्सो एक अक्षर बोलला नाही. दोन्ही बाजूंना दगडी बांध, त्यापलीकडे तांबूस गायी, मध्येच एखादं हिरवट पाण्याचं तळं. लिलियानला समोर त्याची पाठ दिसत होती. ती वाट बघत होती. एक तळं गेलं, दुसरं गेलं.

"काही बोल ना," ती शेवटी म्हणाली.

"काय बोलू?"

"काय दिसतंय ते सांग."

"दिसतंय की तुला." एवढं बोलून त्याने गिअर बदलला.

लिलियानच्या अंगाचा तिळपापड झाला. म्हणजे डोळे आहेत हा तिचा गुन्हा! आणखी दोन किलोमीटर ती दातओठ खात पायडल मारत राहिली. मग तिने ठरवलं.

"मार्सो, मी डोळे मिटलेत."

"का?"

"मिटलेत म्हणजे मिटलेत. आता सांग."

मग मार्सोने घसा साफ केला. "डावीकडे... डावीकडे एक गोठा आहे. छप्पर अर्धं कोसळलंय. आतून एक झाड वर आलंय, बहुतेक एल्डरचं. फुलं गळून गेलीत." आवाज आधी अवघडला होता, मग सैलावला. "गोठ्याच्या दारात पांढरी घोडी उभी आहे. तिचं शिंगरू मात्र काळं कुळकुळीत. आईकडे असं बघतंय जसं काही चुकून दुसऱ्याच घरात जन्मलंय."

लिलियान हसली. मिटल्या डोळ्यांतून तिला पाणी आलं. एक्केचाळीस वर्षांनी हा माणूस तिच्याशी बोलत होता. आता म्हातारपण सुखात जाणार, तिला वाटलं. रोज डोळे मिटून बसायचं, बस्स.

तो सांगत राहिला. ती ऐकत राहिली. मग तिच्या लक्षात आलं की तो मध्येच थांबतो, आणि थांबून उत्तर देतो.

"नाही, गायी अगदी लाल नाहीत. विटेसारख्या."

तिने काही विचारलंच नव्हतं.

पुन्हा थोडी शांतता. मग मार्सो खळखळून हसला. "तुझं आपलं काहीतरीच!"

"कोणाशी बोलतोयस?" तिने डोळे उघडले.

त्याची पाठ तशीच संथ हलत होती. "तुझ्याशी," तो म्हणाला. "दुसरं कोण आहे इथं?"

तिने डोळे मिटले. तो पुन्हा बोलायला लागला, पुन्हा थांबला, पुन्हा कुणाला तरी उत्तर दिलं. त्या मधल्या रिकाम्या जागांमध्ये लिलियानने कान लावले. काहीही ऐकू आलं नाही... वारासुद्धा नाही. फक्त वास आला. गवताच्या आणि शेणाच्या वासातून हळूहळू वर येणारा, गोड, ओळखीचा. बडीशेपेचा.

भीतीने तिच्या पाठीवर काटा आला, हे खरं. पण भीतीच्या आधी राग आला, हे त्याहून खरं. मेल्यावरही? मेल्यावरही हा माणूस माझी पाळी येऊ देणार नाही?

दुपारी चढ लागला. बीच वृक्षांच्या जंगलातून वर जाणारा, पाच किलोमीटरचा. माथ्यावर एक कॅफे होता आणि तिथला शिक्का घ्यायचा होता. मार्सोचा उजवा गुडघा कामातून गेलेला, त्यामुळे इथे दोघांना सायकल हाताने ढकलावी लागणार असं तिने गृहीत धरलं होतं. पण सायकल चढाला भिडली आणि वेग जराही कमी झाला नाही.

जोडसायकलीची पुढची-मागची पायडलं एकाच चेनने बांधलेली असतात. एकाने मारली की दुसऱ्याची आपोआप फिरतात. लिलियानला कळलं की आपण पायडल मारत नाही आहोत. पायडलंच तिचे पाय उचलत होती, खाली नेत होती, जड आणि एकसारखी, एखाद्या दांडग्या माणसाने जोर लावावा तशी. आणि समोरचा मार्सो तर दमलेला वाटत नव्हता, तो बोलत होता.

तिने दोन्ही पाय अलगद उचलून घेतले. सायकल मंदावली नाही. जरा वेगातच गेली.

"थांब," ती म्हणाली. "मार्सो, थांब... मला उतरायचंय."

त्याने ब्रेक लावला, एक पाय जमिनीवर टेकवला. ती उतरली. बुटाची नाडी सुटली आहे असं काहीतरी पुटपुटली आणि खाली वाकली. खरं तर तिला फक्त जमिनीवर उभं राहायचं होतं.

"झालं? निघू या," मार्सो म्हणाला. त्याने मागे वळून पाहिलं नाही. बावीस वर्षांत मागे वळून पाहायची त्याला कधी गरजच पडली नव्हती. क्षणभर थांबून, होकार मिळाल्यासारखी मान हलवून, तो निघाला.

"अरे! अरे, मी खाली आहे!"

सायकल चढ चढत होती. मागची सीट रिकामी होती, मागची पायडलं गरगर फिरत होती. फिरणारच, चेनच एक. पण मागचं टायर... लिलियान बघत राहिली. मागचं टायर जमिनीशी दबून पसरलं होतं, नव्वद किलोचा माणूस वर बसल्यावर पसरतं तसं.

"...आणि आता जंगल सुरू झालं," मार्सो सांगत होता. "ऊन पानांतून गळतंय. रस्त्यावर नाण्यांसारखे ठिपके पडलेत." थांबला. मोठ्याने हसला. वळणाआड गेला. हसू काही वेळ ऐकू येत राहिलं, मग तेही झाडांनी गिळलं.

लिलियान तीन किलोमीटर चालली. जंगलात पाखरू बोलत नव्हतं. दर वळणाला तिला वाटायचं, मार्सोला कळलं असेल, तो खाली उतरून येत असेल, घाबरलेला, तिचं नाव घेत. कुठल्याही वळणावर कुणी आलं नाही. भीती केव्हाच मागे पडली होती. ती रडत होती ती संतापाने, रस्त्यावर टाकून दिलेल्या बाईसारखी.

माथ्यावरच्या कॅफेसमोर छत्रीखाली मार्सो बसला होता. टेबलावर दोन ग्लास होते. त्याने तिला पाहिलं आणि त्याचा चेहरा असा उजळला की ती जागीच थबकली. असा चेहरा त्याने तिच्यासाठी लग्नातही केला नव्हता.

"हात धुवायला इतका वेळ? ये, बस." त्याने तिचा हात धरला. "लिली, आज काय झालं होतं तुला? अगं, काय पायडल मारलंस! माझा गुडघा दुखलासुद्धा नाही. आणि काय एकेक प्रश्न... 'उन्हाला वजन असतं का रे?' असं विचारलंस. हे तुला सुचलं कसं?"

ती समोरच्या खुर्चीत बसली.

"मला वाटलं होतं, ऑक्ताव गेला, आता माझं सगळं संपलं," तो खाली बघत म्हणाला. "घरी मला बोलता येत नाही. काय बोलायचं तेच कळत नाही, तुला सगळं दिसतंच. पण आज चढावर वाटलं, आहे... ऐकणारं माणूस आहे माझ्याजवळ. इतकी वर्षं घरातच होतं." त्याचे डोळे भरून आले होते. "तूच होतीस ना, लिली? का मी म्हातारा झालो?"

त्याने विचारलं, हे लक्षात ठेवायला हवं. त्याने विचारलं होतं.

खरं सांगायला एक वाक्य पुरलं असतं. पण ते वाक्य बोललं की हा उजेड विझणार, हा हात सुटणार, आणि चढावरचं सगळं बोलणं पुन्हा ऑक्तावच्या नावावर जमा होणार. बावीस वर्षं त्याच्याच नावावर होतं. लिलियानने धुळीने भरलेले बूट खुर्चीखाली ओढून घेतले.

"मीच होते," ती म्हणाली. "दुसरं कोण असणार?"

समोरचा ग्लास अर्धा प्यायलेला होता. पिवळसर, गढूळ. बडीशेपेची दारू तिला कधीच आवडली नव्हती.

"पी ना," मार्सो म्हणाला. "तूच मागवलीस."

तिने उरलेली पिऊन टाकली.

कॅफेची मालकीण शिक्का घेऊन बाहेर आली. चष्मा नाकावर सरकवून तिने कार्ड वाचलं. "मार्सो आणि ऑक्ताव. यातले ऑक्ताव तुम्ही नक्कीच नाही, बाई."

"चूक झालीय," लिलियान म्हणाली. "पेन द्या जरा."

"अहो, खाडाखोड केलेलं कार्ड क्लब घेत नाही म्हणतात. ज्याचं नाव, त्याचीच सीट. कार्ड संपेपर्यंत नाव बदलत नाहीत, माझा नवरा यावरून भांडणं करायचा."

"द्या हो पेन."

लिलियानने ऑक्तावच्या नावावर आडवी रेघ मारली, मग आणखी एक, आणि वर ठळक अक्षरांत आपलं नाव लिहिलं. मालकिणीने खांदे उडवून शिक्का मारला. लिलियानला बरं वाटलं. उगाच कशाला खोटं बोला, अतिशय बरं वाटलं.

साडेपाचला ते उताराला लागले. आता मार्सोला विनवावं लागलं नाही. "लिली, डावीकडे मोठं तळं आहे," त्याने आपणहून सुरुवात केली. "काठाला बदकं आहेत. एक बदक सगळ्यांना ओरडतंय, आपल्या सरपंचासारखं."

लिलियानने डोळे उघडेच ठेवले होते. तिला तळं दिसलं, बदकं दिसली. ते बोलणं तिचं होतं आणि ते दिसणंही तिचं होतं. आता तिला कुणाचाही हेवा वाटत नव्हता. पहिल्या दोन वळणांपर्यंत ती जगातली सगळ्यात सुखी बाई होती.

मग गवत जरा मळकट दिसायला लागलं. गायींचा तांबूस रंग उतरला, त्या करड्या झाल्या. तिने डोळे पुसले.

"ढग आलेत का रे?"

"ढग? कसले ढग! आभाळ धुतल्यासारखं स्वच्छ आहे. ऊन तर असं पडलंय की दगडसुद्धा गोड दिसतायत."

उन्हाची ऊब तिला गालावर लागत होती. पण समोरची मार्सोची पाठ कडेने विरघळत चालली होती. आधी खांदे गेले, मग त्याच्या शर्टाचे पट्टे. तिने बोट लावून पाहिलं. पापण्या उघड्या होत्या. पुढच्या वळणावर उरलासुरला करडेपणाही गेला... आणि काहीच राहिलं नाही. वाऱ्याचा आवाज, चेनचा आवाज आणि बडीशेपेचा वास, तोही आता तिच्याच तोंडातून.

ओरडायला तिने तोंड उघडलं. ओरडली असती तर मार्सोने तत्क्षणी ब्रेक दाबले असते. मग डॉक्टर, मोटार, घर. आणि कधीतरी तिला सांगावं लागलं असतं की चढावर ती नव्हती. घरी पुन्हा ते कुलूप.

मार्सो बोलायचा थांबला होता. तो वाट बघत होता, प्रश्नाची. तिच्या पायांखालची पायडलं कुणीतरी संथ, जड जोराने फिरवत होतं, आणि लिलियानने पाय काढून घेतले नाहीत.

"मार्सो," ती म्हणाली. आवाज तिला वाटलं होतं तितका कापला नाही. "आता काय दिसतंय रे?"

"आता ना..." तो आनंदाने म्हणाला. "उजवीकडे एका शेतघराची लांबलचक भिंत आहे, नुकती चुन्याने रंगवलेली. तिच्यावर आपली सावली पडलीय. दोन चाकं, पुढे मी. टोपीसकट अगदी स्पष्ट. आणि मागे..."

तो थबकला. सायकल वेगात उतरत होती.

"मागे काय?" तिने विचारलं.

"काही नाही गं," मार्सो हसला. "मागची सावली केवढी उंच पडलीय! खांदे तर बघ, दारात मावायचे नाहीत. आणि वाकून माझ्या कानाशी आल्यासारखी दिसतेय. बघ ना, लिली... बघतेस ना?"